बहिणाबाईंनी न पुसलेला अभंग





बावीस-तेवीस वर्षे झाली असतील. एका गावच्या सप्ताहात सहाव्या दिवसाची सेवा माझ्याकडे होती. त्या दिवशी शिऊरच्या संत बहिणाबाईंचे चरित्र सांगायला घेतले होते. लहानपणी लग्न, परागंदा होणे, वासराचा लळा, नवऱ्याचा मार, मग स्वप्नात तुकोबारायांचा अनुग्रह. माराचा भाग मी नेहमीप्रमाणे चटकन आटोपला आणि स्वप्नावर आलो. मृदंग चढला, टाळकऱ्यांनी पावली धरली, गजर झाला. कीर्तन चांगले झाले असे सगळे म्हणाले.

दर्शनाला रांग लागली, त्यात एक बाई होत्या. पंचेचाळिशीच्या असाव्यात. डोक्यावर पदर, हातात चपला. पाया पडल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "महाराज, बहिणाबाईला तुकोबा सपनात आले. ज्या बाईला सपनच पडत नाही, तिनं काय करावं?" मी म्हणालो, "नाम घ्या, माउली." त्या म्हणाल्या, "घेतेच की." आणि पुढे गेल्या. मागे रांग होती. मी पुढच्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांच्या कपाळाला एक जुना व्रण होता. तो मी पाहिला होता, तरी काही विचारले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते आणि आजही सरळ देता येईल असे नाही. पण त्या रात्रीनंतर मी बहिणाबाईंची गाथा पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतली. चरित्र म्हणून आम्ही सांगतो ते वेगळे आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवले ते वेगळे, हे माझ्या साठीजवळ ध्यानात आले. गुरुजींपाशी शिकलो तेव्हा चरित्र पाठ झाले होते. मूळ आत्मनिवेदन ओळीने वाचावे असे कधी वाटलेच नव्हते.

आधी एक खुलासा. बहिणाबाई म्हटले की आता बहुतेकांना खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्या थोर कवयित्री, पण विसाव्या शतकातल्या. मी म्हणतो त्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या. जन्म १६२८ चा, देह ठेवला शके १६२२ म्हणजे १७०० साली. तुकोबारायांच्या शिष्या, आणि स्वतःचा जीवनवृत्तान्त स्वतःच्या शब्दांत मागे ठेवणाऱ्या आपल्याकडच्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. १९२९ साली जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांच्या अभंगांचे इंग्रजी भाषांतर छापले. आपण मात्र त्यातले दोन-चार अभंग प्रमाणाला घेतो आणि बाकीची गाथा कपाटात ठेवतो.

आता काळ पाहा. वेरुळच्या पश्चिमेला देवगाव आहे. तिथल्या कुलकर्ण्याच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. त्या दोन वर्षांच्या होत नाहीत तोच १६३० चा दुष्काळ पडला. दख्खनच्या इतिहासातला तो भयंकर दुष्काळ. त्यातच देहूला तुकोबारायांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले. दुष्काळ सरतो न सरतो तोच १६३३ साली मोगलांनी दौलताबादचा किल्ला घेतला, आणि १६३६ पर्यंत निजामशाही नाहीशी झाली. दौलताबाद वेरुळपासून कितीसे लांब? म्हणजे या मुलीचे बाळपण गेले ते उपाशी माणसांच्या आणि फौजांच्या मुलखात. गाथेत लढायांचे वर्णन नाही. लहान मुलीला लढाई दिसत नाही. घरातली माणसे दबक्या आवाजात बोलतात तेवढे तिला कळते.

लग्न अजाण वयात झाले. नवरा शिऊरचा पाठक, तीस वर्षांचा बिजवर, वेदाध्ययन केलेला, ज्योतिषाचा जाणकार. पुढे भाऊबंदकी आणि देण्यापायी माहेरच्यांना गाव सोडावे लागले. आईबाप, जावई आणि ही पोर रातोरात निघाली. गोदाकाठाने, भिक्षा मागत, पंढरपुरास आली. तिथून शिंगणापूर, मग रहिमतपूर, आणि शेवटी कोल्हापूर. ज्यांच्या घरी कुलकर्णीपण होते त्यांच्या हाती झोळी आली. बहिणाबाई लिहितात की पंढरपूर सोडून जावेसे त्यांना वाटत नव्हते. तो ओढा त्यांना तिथे लागला, आणि तो कुणी शिकवलेला नव्हता.

कोल्हापुरात एका वैदिक ब्राह्मणाच्या वाड्यात बिऱ्हाड मिळाले. त्या ब्राह्मणाकडून पाठकांना कपिला गाय मिळाली, सवत्स. ते वासरू बहिणेच्या मागे लागले. ती पाणी आणायला निघाली की ते मागे, ती पुराणाला बसली की ते शेजारी. तिच्या हातचाच चारा खाई. बहिणाबाईंचे वय तेव्हा त्यांच्याच सांगण्याप्रमाणे अकरा वर्षांचे. घर नाही, गाव नाही, सवंगडी नाहीत; त्या मुलीला वासरू हेच काय ते आपले माणूस मिळाले. आम्ही कीर्तनकार या वासराला लगेच पूर्वजन्मीचा योगभ्रष्ट करतो. असेलही. पण अकरा वर्षांच्या मुलीला आधी वासरू लागते, योगभ्रष्ट नंतर.

त्या दिवसांत जयरामस्वामी वडगावकर कोल्हापुरात आले. त्यांची कीर्तने होऊ लागली. ते तुकोबांची पदे म्हणत, आणि इंद्रायणीत टाकलेल्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या निघाल्या ही वार्ता तेव्हा कोल्हापूरपर्यंत पोचलेली होती. देहू ते कोल्हापूर हे अंतर आणि त्या काळचे रस्ते ध्यानात घ्या. वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी ज्या अभंगांना विरोध केला, तेच अभंग तुकोबा हयात असताना दूरच्या गावी गायले जात होते. बहिणाबाईंचा शब्द यासाठीही मोलाचा आहे. त्या तुकोबांच्या काळातल्या साक्षीदार आहेत. शंभर वर्षांनी ऐकून लिहिणाऱ्या नाहीत.

कीर्तनाला मुलीबरोबर वासरूही गेले. गर्दीत जनावर कशाला म्हणून लोकांनी त्याला बाहेर हाकलले. ते बाहेर हंबरू लागले, मुलगी आत रडू लागली. स्वामींनी वासरू आत आणवले, दोघांच्या मस्तकावर हात ठेवला. गावात बोलबाला झाला. कुणीतरी जाऊन पाठकांच्या कानी घातले की तुमच्या बायकोला स्वामी मान देतात, लोक तिच्याकडे बोट दाखवतात. पाठक घरी आले. वेणीला धरून त्यांनी मुलीला मारले. मग हातपाय बांधून गाठोड्यासारखे टाकून दिले. आईबाप तिथेच होते. त्यांना काही करता आले नाही. गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले.

इथे मी पंचवीस वर्षे दोन वाक्यांत पुढे जात असे. सासुरवास हा विषय निघाला की समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावतात, कीर्तनाला रंग येतो, मग 'देव भक्ताची कसोटी पाहतो' असे म्हणायचे आणि स्वप्न सांगायचे. आता म्हणवत नाही. नवऱ्याने मारले ते नवऱ्याने मारले. बहिणाबाईंनीही ते काम देवाच्या नावावर टाकलेले मला तरी कुठे दिसले नाही. त्या दोष आपल्या प्रारब्धाकडे घेतात, नवऱ्याचा स्वभाव तापट होता हे सांगतात, आणि मार कसा बसला ते लिहून ठेवतात. पुढची पोरे वाचतील, नवऱ्याच्या कुळाला कमीपणा येईल, असा विचार करून ते झाकलेले नाही. गाथा जपली ती त्याच कुळाने, हेही खरे.

वासरू थोड्याच दिवसांत गेले, मुलीच्या मांडीवर डोके ठेवून. टाळमृदंगाच्या गजरात त्याला मूठमाती दिली. ती मुलगी बेशुद्ध पडली. तिला तुकोबांचा ध्यास लागला होता. त्यांना कधी पाहिलेले नव्हते, नुसती पदे ऐकलेली होती. आणि कार्तिक वद्य पंचमी, रविवार, या दिवशी स्वप्नात तुकोबांनी मस्तकी हात ठेवून मंत्र दिला. तिथी आणि वार त्या स्वतः देतात. ज्याला हिशेब लिहायची सवय त्या कुलकर्ण्याची ती लेक.

चरित्र आम्ही इथे संपवतो, आणि गाथेतली खरी अडचण इथूनच पुढे सुरू होते. स्वप्नाने काही सुटले नाही, उलट गुंता वाढला. लोक मुलीला पाहायला येऊ लागले. पाठकांना ते सहन होईना. आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि बायकोने शूद्राचा उपदेश घेतला, तोही स्वप्नात! लोक तिच्या पाया पडणार आणि आपल्याला कुणी विचारणार नाही. त्यांनी ठरवले की हिला आईबापाजवळ टाकून आपण निघून जायचे. सासूसासऱ्यांना तसे सांगितले. त्या काळी टाकलेली बायको म्हणजे काय, ते आजच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. आईबाप स्वतः भिक्षेवर. माहेर सुटलेले, सासर सुटणार.

या जागी गाथेत एक अभंग आहे, आणि त्या अभंगासाठी हा लेख लिहायला बसलो. त्यात बहिणाबाई मनाशी म्हणतात की मी आता नवऱ्याचीच सेवा करीन, तोच माझा देव. विठ्ठल तो शेवटी दगडाचा, आणि तुकोबा भेटले ते स्वप्नात. त्यांच्यापायी हातातले सुख मी का घालवू?

माउली, हा अभंग मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा पोथी मिटून ठेवली. वारकऱ्याच्या तोंडी हे शब्द! नास्तिकाने म्हटले असते तर वाद घातला असता. कुणी बाहेरच्याने म्हटले असते तर रागावलो असतो. पण हे म्हणणारी बाई विठ्ठलाच्या नावासाठी मार खाऊन बसलेली आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोथी उघडली, अभंग तिथेच होता.

मी पुष्कळ दिवस वाट शोधली. आधी वाटले की हा पतिव्रताधर्माचा अभंग आहे, पुढे त्यांनी त्या विषयावर पुष्कळ लिहिले आहे, त्यातलाच एक. तसे निरूपण करता येते. एका जाणत्या महाराजांनी मला तेच सुचवले: सगुण पतीची सेवा हीच विठ्ठलसेवा, असा अर्थ लावा. लावून पाहिला, आणि तो बसत नाही. त्या अभंगात सेवेचा आनंद नाही. टाकले जाण्याचे भय आहे, आणि भयापोटी केलेला हिशेब आहे. एका बाजूला दगड आणि स्वप्न, दुसऱ्या बाजूला दोन वेळचे अन्न आणि कुंकू. कुलकर्ण्याची लेक दोन्ही पारडी भरून पाहते आहे.

शंकेचे दुसरे टोक याहून खोल जाते. भ्याले म्हणून देव सोडावा, ही शंका भय ओसरले की जाते. पण बहिणाबाईंना दुसरीही एक शंका होती, आणि ती शास्त्राने दिलेली होती. त्या लिहितात की वेद आणि पुराणे ओरडून सांगतात, स्त्रीच्या संगतीने हित होत नाही; मग मला तर देहच स्त्रीचा मिळाला, मला परमार्थ कसा साधणार? ज्या ग्रंथांवर श्रद्धा ठेवायची तेच ग्रंथ म्हणतात की तू अडचण आहेस. नवरा मारतो तो शरीराला. हे दुखणे आतले आहे. मी ब्राह्मणाघरचा नाही. लहानपणी एका पाठशाळेच्या दारावरून मला परत पाठवले होते, तेव्हा पोटात जे कालवले त्यावरून थोडे कळते. थोडेच. मला निदान दुसरे दार सापडले, आणि पुरुष म्हणून विणा गळ्यात घेता आला.

मग पुढे काय झाले? गाथेचा क्रम असा: त्यानंतर त्या देवाला हाक मारतात, आणि पाठक निघणार तोच त्यांना ताप भरतो. अंगाची आग होते, औषध लागू पडत नाही. बहिणाबाई उशाशी बसून सेवा करतात. त्या दुखण्यात पाठकांना आपले काही चुकले असे वाटू लागते. तुकोबांची निंदा केली म्हणून हे भोगतो आहोत, बरा झालो तर त्यांच्या दर्शनाला जाईन, असे ते मनाशी ठरवतात. ताप उतरतो. आणि ते सगळ्या घरादारासह, गाय बरोबर घेऊन, देहूला येतात.

ताप कुणी आणला? कीर्तनात मी ठासून सांगत असे की पांडुरंगाने. बहिणाबाईंचीही तीच श्रद्धा आहे आणि ती मोडायची मला इच्छा नाही. माझे लक्ष आता दुसरीकडे जाते. ताप भरला तेव्हा ती बाई काय करत होती? शंका घेऊन बसलेली होती. शंका फिटल्यावर देव आला असा क्रम तिथे नाही. शंकेच्या अभंगाला देवाने उत्तर दिले, स्वप्नात येऊन समजावले, असेही काही नाही. ती उशाशी बसली, पाणी पाजले, रात्री काढल्या, आणि नाम चालू होते की नव्हते हे तिने सांगितलेले नाही. मी समजतो चालू असावे. जिभेला सवय झालेली असते. मन मागे राहिले तरी ती चालते. वारीत थकलेला माणूस झोपेत चालतो ना, दिंडीच्या मध्ये, पुढच्याच्या पताकेकडे पाहत, तसे.

देहूला गेल्यावर सुख लागले असे समजू नका. ही मंडळी बिऱ्हाड शोधत मंबाजीच्या दारी गेली, त्याने घालवून दिले. देवळाच्या आश्रयाला राहिली. मंबाजीला बहिणाबाईंना शिष्या करायचे होते. आमचे गुरू तुकोबा, असे ऐकल्यावर तो बिथरला. शूद्राच्या पाया ब्राह्मण पडतात म्हणून त्याने पुण्यास आपाजी गोसावी यांना पत्र लिहिले. त्यांची गाय नेऊन तिला बांधून मारले. बहिणाबाईंचे आयुष्य पाहिले तर गाईवासरांनी त्यांच्याबरोबर पुष्कळ सोसले आहे. पण आता एक गोष्ट बदलली होती. पाठक बायकोच्या बाजूला उभे होते. ज्याने शूद्र म्हणून तुकोबांना नाकारले, तोच माणूस तुकोबांच्या कीर्तनात बसत होता. मुलगी काशीबाई देहूतच झाली. पुढे मुलगा विठोबा.

आणखी एक सांगायचे. याच बहिणाबाईंनी पुढे वज्रसूचीचा अर्थ मराठीत आणला. ब्राह्मण कुणाला म्हणावे, जन्माने की ज्ञानाने, हा त्या ग्रंथाचा विषय. ज्या शास्त्राने त्यांना बाहेर ठेवले, त्याच शास्त्रातला ग्रंथ काढून त्यांनी तो प्रश्न शास्त्रालाच विचारला. पण स्त्रीदेहाबद्दलची शंका त्यांनी अशी सोडवलेली मला आढळली नाही. ती तशीच आहे. वैराग्याचे, गुरुभक्तीचे, पतिव्रताधर्माचे पुष्कळ अभंग लिहून झाले, तरी ती मधूनमधून डोके काढते.

शेवटी शिऊरला अंथरुणावर असताना त्यांनी मुलाला बोलावून घेतले आणि आपले मागचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा. ज्या बाईला बारा जन्म आठवत होते तिला हा एक अभंग विसरला असेल असे कसे म्हणावे? बाहत्तर वर्षांचे आयुष्य, लोक संत म्हणून पायाशी येत होते, मुलगा शेजारी होता. तो अभंग वगळा, असे एकदा सांगितले असते तर वगळला गेला असता. आम्ही कीर्तनकार तर मागे लागून वगळला असता! त्यांनी वगळला नाही. विठ्ठल दगडाचा आहे का, ही शंका विठ्ठलाच्या गाथेत राहिली, आणि तिच्या पुढेमागे नामाचे अभंग आहेत.

तुकोबारायांच्याही वह्या नदीत गेल्या तेव्हा ते तेरा दिवस काठावर निश्चल बसले होते. तिथेही आम्ही तेराव्या दिवसाचे सांगतो, वह्या वर आल्या त्याचे. सातव्या दिवशी त्यांच्या मनात काय होते ते त्यांनाच ठाऊक. पण तुकोबांनीही देवाशी भांडण लपवलेले नाही. शिष्येने ते गुरूकडूनच उचलले असावे.

आता कीर्तन होत नाही. दम पुरत नाही, गुडघे उभे राहू देत नाहीत. आमच्या गावच्या मंदिरात एकादशीला दुपारी आठ-दहा जणी जमतात, त्यांना मी बहिणाबाईंची गाथा क्रमाने वाचून दाखवतो. गेल्या एकादशीला त्या अभंगापाशी आलो. हाताला जुनी सवय, पान उलटले गेले. मग परत मागे आलो आणि वाचला. कुणी काही बोलले नाही. शेवटच्या ओळीला एक आजी, ज्यांना ऐकू कमी येते, म्हणाल्या, "परत म्हना." परत म्हटला. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बाईनं लिवलंय व्हय हे?"

ती व्रणाची बाई कोणत्या घरची, तेही मी त्या रात्री विचारले नव्हते. त्या गावी आता जाणे होईल असे वाटत नाही. पुढच्या एकादशीला पाठकांच्या तापाचा भाग आहे.